शुभविवाह, भाग दोन

कॅसेटच्या पाठीवर निळ्या शाईत लिहिलंय
‘वल्लाकाटी–येमूल, शुभविवाह, भाग दोन’.
त्याच्या खाली आम्ही.

रेवणसिद्ध बिराजदार लग्नं शूट करायचा.
कॅमेरा त्याचा नव्हता, अशोक चौकातल्या स्टुडिओचा होता,
आणि सकाळी सातच्या आत परत लागायचा.
म्हणून या पिक्चरमध्ये दिवस नाहीच.

रात्र आहे, आणि बंद पडलेल्या रंगखान्याचा हौद,
जमिनीत चौदा फूट.
शिडीला हात लावला की तळव्याला निळं लागायचं,
दुसऱ्या दिवशी भाकरीवर उमटायचं.
आई म्हणायची, कुठल्या पार्टीचं काम करतोस?

खाली अंबादास चिलवेरी.
दिवसा तो जेकार्डच्या पट्ट्यांना भोकं पाडायचा,
चादरीवरचा मोर कुठं मान वळवणार
हे ती भोकं ठरवायची.
रात्री तीच पट्टी भिंतीला धरून शाई फुंकायचा.
मोर येत नसे.
थोरल्या भावाचा चेहरा यायचा, सुरतला गेलेल्या,
ठिपक्याठिपक्यांचा, एक गाल कमी.

चाँदपाशानं टॉकीजचे बोर्ड रंगवले होते वीस वर्षं.
फ्लेक्स आला तेव्हा त्यानं
सगळ्या हिरोंचे डोळे तेवढे ठेवून घेतले
आणि हौदाच्या तळाला काढत सुटला.
चपला काढून उतरा म्हणायचा.
कुठं पाय टाकायचा कळत नसे.

आणि व्यंकम्मा.
छाटात काढलेल्या विड्या उकलून
ती पानं शिवत बसायची विडीच्याच दोऱ्यानं.
शर्ट होता तो, पूर्ण बाह्यांचा, कॉलरसकट,
कारखान्याच्या चेकरच्या मापाचा.
रेवण विचारतो, हे काय आहे अक्का?
ती कॅमेऱ्याकडे न बघता म्हणते, नाकु तेल्दु.
मला नाही माहीत.
अख्ख्या पिक्चरमध्ये तिचं एवढंच वाक्य.

मी हॅलोजन धरलेला.
एकदा माझं कोपर दिसतं.

एकोणिसाव्या मिनिटाला
अंबादास फुंकायला गाल फुगवतो
आणि बँड वाजायला लागतो.
जिलबी भरवणं, रुसलेली मामी,
बदामाच्या आकारात नवरा-नवरी, फिरणारा बदाम.
सात मिनिटं.
रेवणकडे कॅसेट एकच होती,
आणि येमूलांचा ॲडव्हान्स खर्च झालेला.
यावर त्याच्याशी दोन वर्षं बोललो नाही मी.
नंतर बोललो. नंतर तो गेला.

मग परत हौद. घोटाभर पाणी.
मालकानं हौद टँकरवाल्याला भाड्यानं दिला होता,
आम्हाला सांगायचं कुणाला सुचलं नाही.
डोळे एकेक करून बुडतात.
चाँदपाशा हसतोय का, ते पुंजीत नीट दिसत नाही,
टेपला तिथं बुरशी आहे.
‘लाइट खाली घे’ असा आवाज येतो.
मी घेतला असावा. पाणी चमकतं, मग काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी तीन गल्ल्यांत गुलाबी पाणी आलं.
वॉर्ड ऑफिसच्या तक्रारवहीत कुणी लिहिलं,
‘पाण्यास रंग आहे, वास नाही.’
आमच्या कामाविषयी लेखी असं तेवढंच.

सव्वीस वर्षं ही कॅसेट कुणाकडे होती?
भाग्यलक्ष्मी येमूलकडे, शालूच्या घडीत.
तिनंच शोधत फोन केला,
माझ्या लग्नात तुम्ही लोक आहात म्हणाली.

आज विडी घरकुलात, तिच्याच हॉलमध्ये,
उलट्या टाकलेल्या चादरीवर लावलंय.
अंबादास चष्मा विसरून आलाय.
व्यंकम्मा आली नाही, आज माल द्यायचा वार.
तिच्या वाटची शेंगाचटणी कागदात बांधून ठेवली आहे.

बँड वाजायला लागतो.
मी आवाज कमी करत नाही, घर तिचं आहे.
भाग्यलक्ष्मी दारातून ओरडते,
हातात चहाचा ट्रे,
‘अहो ते लग्न पळवा की पुढं!
त्या बाईचा शर्ट कुठपर्यंत आला, बघू द्या.’